ताट नीट धर

कुपवाडच्या नव्या खेळपट्टीचं उद्घाटन होतं. सत्काराचा फेटा धाकट्या भावाच्या डोक्यावर, नारळाचं ताट साडी नेसवलेल्या माझ्या हातात. आमच्या खळ्यावर त्याला गोलंदाजी मीच शिकवली, हे कोचसरांना ठाऊक. तरी माईकवर सांगत होते, "जुना इंग्रज गोलंदाज होता एक. घेरदार झग्यापायी त्याच्या बहिणीला खालून चेंडू टाकता येईना, म्हणून ती हात उचलून टाकायची, असं सांगत्यात. तवा हात उचलून टाकायला बंदी; त्यानं बहिणीचं तेच उचललं. पंचानं नो-बॉल दिला, तवा चेंडू आपटून घोड्यावर बसून निघून गेला. लय मर्द गडी!" टाळ्या पडल्या. मी विचारलं, "आवं सर, त्या बहिणीचं नाव काय?" "तुला काय करायचंय? ताट नीट धर." फेट्यातला भाऊ हसला. मी पदर खोचला, नारळ घेतला, हात उचलून टाकला. मधल्या स्टंपवर फुटला. म्हटलं, "द्या नो-बॉल."