नागिसाची संमती

“ती म्हणते, कोझुए माझ्याकडेच राहू दे,” तोशिए म्हणाली. “मुलीचं काही करणं तिला आता झेपत नाही.”

समुपदेशक ओनोदेराने समोर पाहिलं. तोशिएच्या धाकट्या बहिणीचे, नागिसाचे, हात नुकतेच मांडीवर परत आले होते. नागिसाला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. आणि आत्ता ती हसत होती.

“पुन्हा एकदा विचारा त्यांना,” ओनोदेरा म्हणाला. “पाच वर्षांची पोर आहे. कायमची द्यायची म्हणजे कायमची.”

तोशिएने हातांनी विचारलं. नागिसाने दोनदा जोरात मान डोलावली आणि त्याच्यापुढे कमरेत वाकून नमस्कार केला.

“पक्कं आहे म्हणते,” तोशिए खाली बघत म्हणाली. “मला विचाराल तर सेन्सेई, पोटच्या पोरीला असं दगा देणं मला जमलं नसतं. पण ती बहीण आहे माझी. काय बोलू?”

मागच्या वर्षी नागिसाचा नवरा होडीसकट समुद्रात गेला होता. महिनाभर तिने अन्न जवळजवळ सोडलंच. तेव्हा मूलबाळ नसलेली तोशिए कोझुएला चार दिवसांसाठी म्हणून आपल्या घरी घेऊन गेली, आणि बहिणीला घेऊन मिनासे बंदरावरच्या बालकल्याण कार्यालयात आली. समुपदेशन हा शब्द तेव्हा बंदरावर नवाच होता. ओनोदेराही नवाच. आपण सल्ला द्यायचा नाही, समोरच्याचं ऐकत राहायचं, त्याची वाट त्यालाच सापडते, असं तो शिकून आला होता.

नागिसा बहिऱ्यांच्या शाळेत जेमतेम दोन वर्षं होती. तिथल्या मुलींकडून तिने हातांची भाषा उचलली. अक्षरं मात्र राहिली, कारण घरच्यांनी तिला मासोळ्या वाळवायला परत आणलं. पुढे तोशिए तिच्याकडूनच ती भाषा शिकली. त्यामुळे दर बुधवारी तिघं बसायचे. ओनोदेरा बोलायचा, तोशिए हातांनी सांगायची, नागिसाचे हात हलायचे, आणि तोशिए ते शब्दांत आणायची.

पहिल्या महिन्यात नागिसा रडायची. “नवऱ्याची आठवण येते म्हणते.” मग तिचं रडणं थांबलं. “आता शांत वाटतं म्हणते.” एकदा तिने कागदावर काढलेलं एका खोलीचं चित्र दाखवलं. खिडकी, चूल, दोन गाद्या. “डबाबंद माशांच्या कारखान्यात काम मिळालंय. ही तिथली खोली. एकटीला पुरेशी आहे म्हणते.”

कार्यालयाच्या प्रमुख मुनेकाता बाईंना हे पटत नव्हतं. “सहा महिने तू ऐकतोयस,” त्या म्हणाल्या. “आणि ती पोरगी देऊन टाकतेय, तेही हसत हसत. तुझ्या पुस्तकात बहिऱ्या बाईचं कसं ऐकायचं ते लिहिलंय का?”

ओनोदेराला ते लागलं. त्याच संध्याकाळी तो हायासाका सुताराकडे गेला. हायासाकाचे कान युद्धात गेले होते, जीभ मात्र शाबूत होती. त्याची बायकोही बहिरी. घरात बोलणं सगळं हातांचंच.

“तुझे हात तोतरे आहेत,” पहिल्याच दिवशी हायासाका म्हणाला. “आणि चेहरा मेलेला. हातांनी विचारतोयस तर भुवयांनीही विचार की.”

दोन महिने ओनोदेरा शिकत होता. त्याने कोणाला सांगितलं नाही. नागिसाला दोष देणाऱ्या सगळ्यांचा त्याला राग येई, आणि त्या सगळ्यांत आपणही आहोत हे जाणवून आणखीच राग येई. शेवटच्या भेटीत निदान एक वाक्य तिला मधे कोणी नसताना सांगायचं, असं त्याने ठरवलं होतं. घरी आरशासमोर तो ते गिरवायचा.

कागद तयार झाले. कोझुए तोशिएची दत्तक मुलगी होणार होती. त्यावर समुपदेशक म्हणून ओनोदेराचं मत जोडलेलं होतं: आईचा निर्णय पूर्ण विचारांती, कोणत्याही दडपणाशिवाय.

शेवटच्या बुधवारी नागिसा केस नीट बांधून, नवीन कपडे घालून आली. तोशिएने कागद कशाचा आहे ते तिला हातांनी समजावलं. नागिसाने पिशवीतून सहीऐवजी मारायचा नावाचा शिक्का काढला, शाईत बुडवला आणि दोन्ही हातांनी दाबून उमटवला. मुनेकाता बाईंनी दारातून ते पाहिलं आणि त्या निघून गेल्या.

“मी हे नोंदणीच्या खिडकीवर देऊन येते,” तोशिए घाईने उठली. “पाच मिनिटं, सेन्सेई.”

दार लागलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच ती दोघं एकटी होती. ओनोदेराने हात उचलले आणि जपून, एकेक खूण सुटी करत म्हटलं, “तुमची मुलगी सुखात राहील.”

नागिसा त्याच्या हातांकडे बघतच राहिली. तिचे डोळे भरून आले. तिने बाहीने ते पुसले. मग लहान मुलाशी बोलावं तसं हळूहळू, त्याला समजेल अशा बेताने, ती हातांनी बोलू लागली.

“तुम्हाला येतं बोलता? मग तुम्हालाच विचारते. दर बुधवारी तुम्ही ताईला सांगत होता, आईने अजून थोडं बरं व्हायला हवं, मग मुलगी परत मिळेल. आज शिक्का मारला. आता कोझुएला घरी नेऊ ना?”