बिनअपघाती दिवस

"साबणानं हात धू आणि गप्प बस. कुणाला सांगत फिरू नकोस," अक्का सुनेला म्हणाली.

पेशंटला दवाखान्यात सोडून दोघींची रुग्णवाहिका नुकतीच डेपोत शिरली होती. वापरलेल्या सुया टाकायचा डबा चार दिवसांपासून गळ्यापर्यंत भरलेला. पेशंटला टोचलेली सुई ठेवायची कुठे, म्हणून वाटेत सून ती हातात धरून बसली. गाडी खड्ड्यात आदळली आणि सुई हातमोजा फाडून सुनेच्या अंगठ्यात गेली. पेशंट रस्त्यात बेशुद्ध सापडलेला. त्याला कुठला आजार, देव जाणे.

"आई, गोळ्या लगेच सुरू कराव्या लागतात. आणि दवाखाना डेपोचा अपघाताचा कागद मागतो."

"मागेना का! बावीस वर्षं गाडीवर काढली मी. टोचलं की बोट पुसायचं नि पुढच्या फोनला धावायचं. तुम्ही आजकालच्या पोरी म्हणजे नुसती काचेची भांडी."

सून सरळ डेपोच्या साहेबांच्या खोलीकडे चालू लागली. ही आता चारचौघांत आपलं नाक कापणार, म्हणून अक्का तिच्या मागे धावली.

साहेब खुर्चीवर उभे राहून भिंतीवरचा फलक पुसत होते. 'बिनअपघाती दिवस ९९९'. उद्या हजार भरणार, मोठे साहेब येणार, हारतुरे होणार. सुयांचे डबे मागवायला या माणसाला सवड नव्हती. फलकाला सोनेरी चौकट मात्र आठवड्यात आली.

सुनेनं अंगठा पुढे केला. साहेबांनी अंगठा सोडून कॅलेंडर बघितलं.

"उद्या हजार भरू दे, मग परवाची तारीख टाकू या?"

"परवा गोळ्या घेऊन काय उपयोग?"

"मग लिही, घरी शिवताना टोचली. दवाखान्याला काय, सुई ती सुई."

"घरच्या सुईला परक्याचं रक्त नसतं, साहेब."

हिच्यापुढे डाळ शिजेना, तसे साहेब अक्काकडे वळले. आवाजात लोणी आलं. "अक्का, तुम्ही तरी समजवा हिला. हा फलक कुणाच्या जिवावर उभा आहे? तुमच्यासारख्यांच्या! बावीस वर्षांत एक तरी कागद मागितलात का?"

एरवी एवढ्यावर अक्का फुलून आली असती. आज तिनं सुनेकडे बघितलं. पोरीनं अंगठा तसाच पुढे धरला होता. दाराकडे एक पाऊल सरकत नव्हतं. अक्काला असं उभं राहणं एकदाही जमलं नव्हतं. नोकरी जाईल म्हणून शेपूट घातलं, आणि घरीदारी त्यालाच हिंमत म्हणून मिरवलं.

"कागद काढा," अक्का म्हणाली.

"अहो, पण उद्या..."

"काढा म्हणते ना!"

साहेबांनी कपाट उघडलं. कोऱ्या कागदांचा गठ्ठा दोरीसकट जसाच्या तसा होता. त्यांनी वरचा एक ओढला, सही ठोकली आणि सुनेसमोर फेकला. सुनेनं उभ्या उभ्या तो भरला आणि दवाखान्याकडे पळत सुटली.

"झालं समाधान? एका टोचणीपायी हजार दिवसांवर पाणी!" साहेब गठ्ठा परत कपाटात ठेवू लागले.

अक्कानं खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर ठाण मांडलं.

"थांबा. आणखी अकरा द्या. माझे राहिलेत."