वरचे दात

पराग दातांचा डॉक्टर होता. भाची रेवाच्या इवल्याशा हिरड्यांवरून त्यानं लेझरचा किरण फिरवला आणि आत दडलेले खालचे दात पडद्यावर उजळले. वरची हिरडी मात्र रिकामी! दुधाचे दात नाहीत, त्यांच्यामागचे कायमचेही नाहीत. नुसता भाजल्याचा डाग.

त्यानं किरण बंद केला. "ताई, हिला कुठे नेलं होतंस?"

"मॉलमधल्या लेझरच्या यंत्राकडे. वरचे दात आधी येणार असं त्यात दिसलं. ते मामाला जड जातं ना रे? मला तू एकुलता एक भाऊ. मग दाबलं बटण, 'वरचे थांबवा'."

परागनं पडद्यावरचा भाजल्याचा डाग पुन्हा पाहिला.

"आता खालचे आले की वरचे सोडवून आणते," ताई म्हणाली.

रेवा मामाकडे बघून खुदकन हसली. परागला तिच्याकडे बघवेना.