तुलनेचं रक्त

सुई. कापूस. "मूठ घट्ट करा."

सासऱ्यांची नवी गाडी. चावी धाकट्या जावयाच्या हातात. "तूच चालव रे, तुझा हात हलका आहे." थोरला जावई मागच्या सीटवर, मांडीवर सासूबाईंची पिशवी.

"ताई, अजून तोच फ्रिज?" मेहुणीचा सहज प्रश्न.

पोलादी पाइपाचा एक जोड. वरून गुळगुळीत. आत तडा आहे की नाही, ते फक्त फिल्मवर दिसतं.

काडेपेटीएवढा एक बॅज. त्यावर धाकट्याचा फोटो. फोटोतसुद्धा हसरा.

मूठ थोरल्याची होती. आणि बाकीचं सगळं त्याच्या पोटात कितीतरी वर्षं धुमसत होतं.

थोरला आणि धाकटा. सख्ख्या बहिणींचे नवरे, म्हणजे साडू. एकाच कंपनीत, एकाच कामावर. कारखान्यांतल्या पाइपांचे जोड गॅमा किरणांनी तपासायचे. जड पेटीतला करंगळीच्या टोकाएवढा किरणोत्सारी सोर्स लांब उभं राहून, हँडल फिरवत, तारेनं नळीतून बाहेर ढकलायचा, जोडाची फिल्म काढायची, सोर्स परत आत ओढायचा. अंगावर किती किरणं पडली ते छातीवरचा बॅज सांगतो. आकडा मर्यादेबाहेर गेला की माणूस कामावरून बाजूला.

धाकट्याला इथे चिकटवलं थोरल्यानंच. आता नव्या साइटचा प्रमुख म्हणून धाकट्याचं नाव लागणार होतं.

"धाकटीचे हे तुमच्यानंतर लागले ना हो कामाला?" बायकोनं जेवताना एवढंच विचारलं. थोरला अर्ध्या ताटावरून उठला.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटा हातपाय धुवायला गेला. शर्ट खुंटीला, बॅज शर्टाला. थोरल्यानं तो काढून घेतला. स्वतःचा बॅज लॉकरमध्ये ठेवला. आपल्या आकड्यात उगाच भर नको. एका जोडाची फिल्म पुन्हा काढायची होतीच. त्यानं सोर्सच्या नळीच्या तोंडाशी धाकट्याचा बॅज चिकटपट्टीनं लावला, लांब जाऊन सोर्स बाहेर काढला, आत घेतला, बॅज सोडवून होता तिथे अडकवला. कुणाला पत्ता लागला नाही. संध्याकाळी त्याला उलट्या झाल्या. बायको म्हणाली, "पित्त खवळलंय." त्यालाही तेच वाटलं.

बॅज तपासून आले आणि कंपनीत धावपळ उडाली. धाकट्याचा आकडा बघून साहेबांनी कपाळाला हात लावला.

"साहेब, मी सोर्सच्या आसपासही फिरकलो नाही हो!"

"बॅज काय खोटं बोलतो का?"

नव्या साइटचं नाव थांबलं. त्या रात्री थोरल्याला गाढ झोप लागली.

पण तपासणीवाल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "बॅज शर्टाला असतो. आपण अंगाला विचारू." त्यांना धाकट्याचं रक्त हवं होतं, आणि तुलनेसाठी आणखी एकाचं. वय साधारण तेच, काम तेच, बॅज मात्र कोरा. असं कोण आहे?

धाकट्यानं क्षणाचाही विचार केला नाही. "आमचे दादा आहेत ना! इतकं जपून काम करणारा माणूस साइटवर दुसरा नाही."

नाही कसं म्हणणार? थोरल्यानं बाही वर केली.

पुढे एकदा त्यालाच पुन्हा बोलावलं. तुलनेचं रक्त जरा जास्त लागत असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं.

मग एका सकाळी डॉक्टरबाईंनी दोघांना समोर बसवलं. पडद्यावर एका पेशीतली गुणसूत्रं पसरली होती, टेबलावर सांडलेल्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखी.

"प्रत्येकाला एक कंबर असते, बघा. किरणांनी दोन गुणसूत्रं तुटली आणि भलतीच टोकं जुळली, की एकाला दोन कंबरा येतात. निरोगी रक्तात हजार पेशी पाहिल्या तर असं एखादं सापडतं." त्या धाकट्याकडे वळल्या. "तुमच्यात तेवढंही नाही. तुम्ही सुटलात."

चांगलं रक्तसुद्धा त्यालाच, थोरल्याच्या मनात आलं.

"आणि हे?" धाकट्यानं पडद्याकडे बोट केलं. तिथे दोन कंबरांची गुणसूत्रं शोधावी लागत नव्हती.

डॉक्टरबाई थोरल्याकडे पाहत होत्या.

"बाटल्या बदलल्या असतील," तो म्हणाला.

"आम्हालाही तसंच वाटलं. म्हणून तुमचं दुसऱ्यांदा घेतलं. मोजणाऱ्यांना तर कुणाची बाटली कुठली, हेही माहीत नसतं."

"पण माझा बॅज कोरा आहे!"

"बॅज कोरा आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तुम्ही नाही. सोर्स पुरता आत गेलाय की नाही ते मीटरवर न बघता कधी जवळ गेला होतात? चांगलं मिनिटभर?"

थोरल्याला ती दुपार आठवली. चिकटपट्टी सुटता सुटत नव्हती. तो वाकून नखांनी उकरत होता. किरणं मोजायचा मीटर पेटीवर तसाच पडला होता. आणि नंतर, बॅज खिशात घातल्यावर, त्यानं सवयीनं हँडल सोर्स आत घ्यायच्या बाजूला फिरवून पाहिलं, तर ते आणखी दोन वेढे फिरलं होतं. तेव्हा ते त्यानं मनावर घेतलं नव्हतं.

धाकट्यानं खुर्ची जवळ ओढली. त्याचा हात थोरल्याच्या पाठीवर आला. "दादा, आठवा ना. कुणी काही बोलणार नाही तुम्हाला. मी आहे."

त्या दुपारी थोरल्याला घाई झाली होती, कारण पाइपांच्या पार पलीकडून धाकटा हाका मारत होता, "दादा, या लवकर! डबे उघडलेत, तुमच्यासाठी थांबलोय."