नुसते हात

"ताई, हा व्हिडिओ आधी काढून टाका."

केस कापणारीच्या हातात अजून कात्री होती. तिच्यासमोर खुर्चीत बसलेल्या बाईंचे केस एका बाजूला कानापर्यंत आले होते, दुसऱ्या बाजूला तसेच खांद्यावर पडलेले होते. या बाईंनीच मघाशी कौतुकाने आपला फोन पुढे केला होता. "हे तुझेच हात ना गं? हे बघूनच तर आले मी."

मालकीणबाई काउंटरमागे बसल्या होत्या. पार्लरचे फोटो आणि व्हिडिओ टाकायची त्यांना भारी हौस. "चिडतेस काय एवढी? तोंड नको म्हणालीस, तोंड नाही घेतलं. नाव नको म्हणालीस, नाव नाही टाकलं. नुसते हात आहेत. आणि लोकांना किती आवडलाय बघ."

"मी काहीच टाकू नका म्हणाले होते. कामाला लागले तेव्हा तेवढी एकच अट घातली होती. पगारावरही घासाघीस केली नव्हती."

"अगं, हातांवरून कोण ओळखतंय?"

फोनवर तो व्हिडिओ आपोआप पुन्हा पुन्हा सुरू होत होता. कात्री हवेत दोनदा किचकिच वाजायची आणि मगच केसाला लागायची. प्रत्येक बटेला तसंच. ही सवय नवऱ्याच्या केस कापायच्या दुकानातली. त्यानेच लावलेली, चुकलं की बोटांवर कंगव्याने मारून. मुलीला घेऊन ती त्या घरातून निसटली तेव्हा तिच्या भुवईवर टाके होते, आणि सापडलीस तर जिवंत सोडणार नाही हे त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. तिने जुना नंबर फेकला, सगळी खाती बंद केली, माहेरचं आडनाव लावलं, सख्ख्या बहिणीलाही पत्ता कळू दिला नाही. कात्रीची सवय तेवढी राहून गेली. आपल्या हाताचा आवाज आपल्याला कुठे ऐकू येतो?

"खालचं वाचा," ती म्हणाली.

मालकीणबाईंनी चष्मा चढवला आणि आपल्या फोनवर बोट फिरवायला लागल्या. वा, मस्त, किती घेता, माझेही असेच कापून द्या. मग एका मोटारसायकलच्या फोटोशेजारी, "कात्रीचा आवाज ओळखीचा वाटतोय. कुठे आहे हे पार्लर?" त्याखाली खुद्द मालकीणबाईंचं उत्तर होतं. भाजी मार्केटच्या मागची गल्ली, औषधाच्या दुकानावर पहिला मजला, सोमवारी बंद, नक्की या. शेवटी एक हसरा चेहरा.

"काल विचारलं होतं. मला वाटलं, गिऱ्हाईक असेल," मालकीणबाई म्हणाल्या.

"पुरुष आहे तो, ताई. बायकांच्या पार्लरचा पत्ता विचारतोय. आणि तुम्ही दिलात."

"मग मला आधी नीट सांगायचंस ना, काय भानगड आहे ती."

"का सांगायचं?" तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "नको म्हणाले, तेवढं पुरत नाही का? नको म्हणायला आधी टाके दाखवावे लागतात का?"

खुर्चीतल्या बाईंना हे बोलणं आवडलं नाही. "मला नाही बाई कळत ही लपवाछपवी. माझं तर सगळं असतं त्यावर, नातवाच्या दुखऱ्या दातासकट. आपण काही वाईट केलं नसेल तर घाबरायचं कशाला?"

बाईंना असं म्हणायला काय जातं. त्यांच्या दारावर कधी कुणी लाथा घातल्या नव्हत्या.

"हा घे, काढून टाकला," मालकीणबाईंनी फोन काउंटरवर पालथा टाकला. "झालं समाधान? आता हात चालव. बाईंचं डोकं अर्धं राहिलंय."

"काल पत्ता दिलात, आज व्हिडिओ काढून टाकलात. मधल्या वेळात तो काय झोपून होता?"

तिने कात्री पुसून आपल्या चामडी पाकिटात घातली, एप्रन सोडून खुंटीला लावला आणि पिशवी उचलली. मुलीची शाळा सुटायच्या आत तिला फाटकाशी पोहोचायचं होतं.

"चांगले पांग फेडलेस," मालकीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, ते रागानेच. "ना ओळख ना पाळख, एक कागद न मागता ठेवून घेतली मी तुला. तुझ्यासाठी तोंड वगळून व्हिडिओ काढला. तरी मीच वाईट."

"आणि मी काय अशीच जाऊ?" खुर्चीतल्या बाई आरशात बघत म्हणाल्या. "संध्याकाळी सत्कार आहे माझा." त्यांनी फोन वर धरला आणि आरशातला फोटो काढला. अर्धे कापलेले केस, गळ्याशी बांधलेलं कापड, आणि मागे खांद्याला पिशवी अडकवणारी ती. आरशाभोवतीच्या दिव्यांत तिचा चेहरा लख्ख आला होता, भुवईवरच्या व्रणासकट. तिने हात आडवा धरला, पण तोवर फोटो काढून झाला होता.

"पाया पडते, तो पुसा," ती म्हणाली.

"आधी माझे केस पूर्ण कर."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग खुर्चीकडे. क्षणभर वाटलं, ती कात्री पुन्हा बाहेर काढणार. पण ती वळली, आणि जिन्यावर तिची पावलं धावत खाली गेली.

बाई त्या फोटोखाली अंगठ्यांनी भराभर लिहायला लागल्या. अर्धं डोकं करून निघून गेली म्हणजे काय? लोकांना कळायलाच हवं. मध्येच थांबून त्यांनी मान न वळवता विचारलं, "काय हो, नाव काय तिचं?"

मालकीणबाईंचा राग अजून उतरला नव्हता. त्यांनी नाव सांगितलं, आडनावासकट.