बोल्टचं डोकं

विमानाच्या पंखाचा बोल्ट आवळताना त्याचं डोकंच तुटून मेकॅनिकबाईंच्या पान्यात आलं. त्यांनी दुसरा आवळला, तोही तुटला. त्यांनी लगेच साहेबांना बोलावून दाखवलं. हे नकली बोल्ट कंपनीला पुरवले होते त्यांच्या सख्ख्या भावाने! साहेबांनी तडकाफडकी सगळी विमानं थांबवली.

बाईंनी भावाला फोन लावला. "दादा, तुला कुणीतरी फसवलंय रे! तुझे बोल्ट नकली निघालेत."

"काय सांगतेस! मला खरंच कल्पना नव्हती गं."

बिचाऱ्याचा आवाज कापत होता. त्याला धीर देऊन बाईंनी आईला फोन केला. "आई, तुझं उद्याचं विमान रद्द झालंय."

"अगं, मी रेल्वेने येतेय. दादाने मागेच तिकीट बदललं. म्हणाला, तिच्या कंपनीच्या विमानात पाऊलसुद्धा ठेवू नकोस."