उघडे तळवे

माझ्या वडिलांनी, सर जर्व्हिस यांनी, जिवंतपणीच चर्चमध्ये आपली कबर बांधून घेतली होती. पार्लमेंटहून परतले की ते आधी तिथे जात. कबरीच्या कडेला आम्हा तिन्ही भावंडांच्या दगडी मूर्ती गुडघे टेकून बसलेल्या होत्या. जिवंत मुलांचे हात जोडलेले आणि गेलेल्याच्या हातात कवटी, अशी आमच्याकडची रीत. कवटी फक्त आमच्या गेलेल्या भावाकडे, लायोनेलकडे होती.

एका रविवारी माझ्या धाकट्या बहिणीच्या, उर्सुलाच्या मूर्तीचे तळवे किंचित उघडलेले दिसले.

"ताई, ती सफरचंद मागतेय गं!" उर्सुला हसली.

पुढच्या रविवारी फट वाढली. उर्सुला तापाने अंथरुणात होती. वडिलांनी मूर्तिकाराला बोलावलं.

"मालक, मी हात जोडलेलेच घडवले होते."

"बडबड नको. दगडाचं पुस्तक बसव त्यात. कवटीला जागाच उरता कामा नये."

ताप उतरला. उर्सुला माझा हात धरून चर्चमध्ये आली. तिच्या मूर्तीच्या हातात पुस्तक घट्ट बसलं होतं. मला हुंदका आला.

"रडूबाई!" ती म्हणाली आणि लायोनेलच्या मूर्तीकडे वळली. "बाबा, याची कवटी कुठे गेली?"

वडील घाईघाईने माझ्या मूर्तीपुढे, तिचे हात झाकत, येऊन उभे राहिले.